ताईचे बावीस नमुने

शिवणकाम शिकवणाऱ्या त्या संस्थेत त्यांना सगळे लिंकवाले म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. नोकरीला लागले ते टायपिस्ट म्हणून. पुढे संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याकडे लांबूनच पाहिलं, यांनी जवळ जाऊन बटण दाबलं, आणि तेवढ्या धिटाईपायी संस्थेची वेबसाइट जन्मभरासाठी त्यांच्या गळ्यात पडली. दोऱ्यांची रिळं ठेवायची खोली आणि इस्त्रीची खोली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं टेबल होतं. उजवीकडून वाफ यायची, डावीकडून नव्या सुताचा वास. कुणी विद्यार्थिनी येऊन अर्ज सापडत नाही म्हणाली, की हे मान वर न करता सांगायचे, लिंक देतो. म्हणून लिंकवाले.

वेबसाइटची पुढची बाजू जगाला दिसते. मागची बाजू फक्त त्यांना दिसायची. तिथे विभाग पाडलेले होते: प्रवेश, अभ्यासक्रम, सूचना, नमुने. एकेका विभागात लोकांनी उतरवून, म्हणजे डाउनलोड करून, घ्यायच्या फाइली. प्रवेशाचा अर्ज, मापांचा तक्ता, कापड बेतायचे कागदी नमुने, असं सगळं. फाइलीच्या नावापुढे एक आकडा असायचा, ती आजवर किती वेळा उतरवली गेली त्याचा. हा आकडा पुढच्या बाजूलाही दिसायचा, पण त्याच्याकडे लिंकवाल्यांखेरीज कोण बघणार?

माणूस सरळ. इतका सरळ की जवळच्यांनाही कधीकधी त्याचा वैताग यायचा. सूचना दोन दिवस उशिरा लावली आणि वर परवाची तारीख टाका म्हटलं, तर म्हणायचे, आज लावली तर आजचीच तारीख पडेल. मग समोरचा चिडो, रुसो, मुख्याध्यापकांकडे जावो. आकड्याच्या बाबतीत तर विचारायलाच नको. एकदा त्यांच्या थोरल्या बहिणीने सहज म्हटलं होतं, मला व्यायाम द्यायला येतात त्या बाईंच्या मोबाइलवरून माझे नमुने दोनचारदा उघडून बघू का? हे घाबरेच झाले. मोजणी माणसं मोजत नाही, दाबलेलं बटण मोजते, आपणच आपली फाइल उघडत बसलो तर तो आकडा खोटा झाला, असं त्यांनी तिला पंधरा मिनिटं समजावलं. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाबा, राहिलं."

ही ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. याच संस्थेत तिने एकतीस वर्षं कापड बेतायला शिकवलं. वर्गात कात्री खाली पडल्याचा आवाज झाला तरी पोरी दचकायच्या, असा तिचा दरारा. लग्न तिने केलं नाही. यांचंही व्हायचं राहून गेलं, का ते विचारणारे नातेवाईक एकेक करून निघून गेले, आणि वडिलांच्या दोन खोल्यांत ही भावंडं राहिली. छप्पन्न वर्षांच्या, दाराच्या चौकटीला डोकं लागणाऱ्या या माणसाला ती छोट्या म्हणायची.

आईची शेवटची दोन वर्षं अंथरुणात गेली. सदरा घालताना हात वर करावा लागायचा आणि आई कळवळायची. एके दिवशी ताईने आईच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण सरळ उसवून टाकली आणि तिथे टिचबटणं लावली. हात न हलवता सदरा अंगावर आला. आई गेली, पण ताईच्या डोक्यातून ते गेलं नाही. निवृत्त होईपर्यंत तिने अशा कपड्यांचे बावीस नमुने काढले. एका हाताने घालता येणारी विजार, पाठीकडून उघडणारा झगा, चाकाच्या खुर्चीत बसल्यावर वर न चढणारा कोट. लिंकवाल्यांनी ते वेबसाइटवर चढवले. कुठल्या कुठल्या गावांहून लोक ते उतरवून घेऊ लागले. दवाखान्यांनी आपल्या माहितीपत्रकांवर लिंक छापली.

आणि निवृत्तीनंतर तीनच वर्षांनी ताईची उजवी बाजू गेली. कात्री धरणारा हात मांडीवर पडून राहू लागला. बोलणं हळू झालं, शब्द शोधून आणावा लागे, डोकं मात्र होतं तसंच तल्लख. सात नंबरचा सदरा तिने पूर्वी वर्गात दाखवायला म्हणून शिवला होता, तोच आता तिच्या अंगावर आला. आठवडाभर घालून म्हणाली, "काखेत ओढतो. मुंढा अर्धा इंच वाढव." लिंकवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलेली फाइल जुन्या जागी चढवली. अर्ध्या इंचासाठी एवढी घाई करणारा कारकून त्या संस्थेत दुसरा नव्हता.

दिवसा शेजारच्या काकू ये-जा करायच्या, अकरा वाजता व्यायामवाल्या बाई येऊन ताईचे हातपाय हलवून जायच्या. संध्याकाळी लिंकवाले घरी येत, हात धूत, आणि पलंगावरून प्रश्न येई, "आज किती?"

हे त्या दोघांचं रोजचं. ऑफिसातून निघण्याआधी ते बावीस नमुन्यांचे आकडे बघत आणि वाटभर मनाशी घोकत येत. आज तीन. कोणते? सात नंबर दोन, बारा नंबर एक. मग ताई डोळे मिटून विचार करी. सात नंबर म्हणजे कुणाचातरी हात वर होत नाही. बारा म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसलं. कधी म्हणे, बिचारं. कधी म्हणे, चला, कुणाचीतरी सोय झाली. जेवणाआधीची ती दहा मिनिटं ती पुन्हा वर्गात उभी असे. एकूण आकडा चार हजार तीनशे अठरावर गेला होता आणि तो तिला स्वतःच्या वयापेक्षा पक्का पाठ होता.

मग मुख्याध्यापक म्हणून नव्या मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना पसारा खपत नव्हता. त्यांनी सांगितलं, जे शिक्षक आता संस्थेत नाहीत त्यांच्या सगळ्या फाइली 'जुना संग्रह' नावाचा नवा विभाग करून तिकडे हलवा. एकशे शहाऐंशी फाइली होत्या, सहा शिक्षकांच्या. ताईचे नमुने अजून रोज वापरात आहेत, ते आहेत तिथे राहू द्या, एवढंच एक वाक्य लिंकवाल्यांना बोलायचं होतं. ते त्यांच्या तोंडातून निघेना. सख्ख्या बहिणीसाठी कसं बोलायचं? उलट त्यांना वाटलं, मागे ठेवले तर लोक म्हणतील बहिणीचे वाचवले. म्हणून त्या मंगळवारी त्यांनी सगळ्यांत आधी ताईचेच नमुने घेतले. बावीस चौकटींत खुणा केल्या, विभाग निवडला आणि 'हलवा' दाबलं. एका दमात सगळे गेले.

दुसऱ्या होत्या भरतकामाच्या बाई. त्यांची फाइल एकच होती. तिच्यावर 'हलवा' दाबताच वर एक पिवळी पट्टी आली. फाइल हलवल्यास जुनी लिंक बंद होईल आणि मोजणी शून्यापासून सुरू होईल, दोन्ही चालू ठेवायचं असेल तर शेजारच्या चौकटीत खूण करा. लिंकवाल्यांनी ते दोनदा वाचलं. मग जुना संग्रह उघडला. बावीस नावं ओळीने होती आणि प्रत्येकापुढे शून्य होतं.

वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीला त्यांनी फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, एकगठ्ठा हलवल्या की सिस्टीम विचारत नाही. लिंक परत जोडून देईन, पण त्याला तुमच्या मॅडमच्या सहीचं पत्र लागेल. आकडा गेला तो गेला, हवा तर हाताने टाकून देतो. हाताने टाकलेला आकडा घेतील ते लिंकवाले कसले! नको म्हणाले. पत्र मात्र त्यांनी लिहायला घेतलं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. उरलेल्या एकशे चौसष्ट फाइली त्यांनी एकेक करून, प्रत्येक चौकटीत खूण करून हलवल्या. पाच परक्या शिक्षकांचा एक आकडा हलला नाही, एक लिंक तुटली नाही. नुकसान झालं ते एकट्या ताईचं, आणि ते त्यांच्या सरळपणाने केलं.

त्या संध्याकाळी त्यांनी हात फार वेळ धुतले. साबण निघून गेला तरी नळाखाली हात धरून उभे राहिले.

"आज किती?" ताईने विचारलं.

"तीन," ते म्हणाले. "सात दोन, बारा एक."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती रागावली असती, धांदरट म्हणाली असती, आणि पत्र लिहायला लावलं असतं. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, त्यांना कळलं नाही. आजवर एकही खोटी तारीख न घातलेल्या माणसाने एक खोटा आकडा सांगितला आणि तो निभावायला दुसऱ्या दिवशी दुसरा सांगितला. आपण काय बोललो ते विसरू नये म्हणून त्यांनी एक छोटी वही केली. त्यात तारीख, नमुना, किती, सगळं टापटिपीने लिहिलेलं. खोटेपणातसुद्धा यांची शिस्त सुटली नाही. पहिले चारपाच दिवस ते जुना संग्रह उघडून बघत. शून्य, शून्य, शून्य. कोण येणार तिथे? दवाखान्यांच्या कागदावरची लिंक दाबली की 'पान सापडत नाही' येत होतं. शनिवारी त्यांनी शेवटचं बघितलं. ते बावीस भोपळे त्यांना सोसवेनात. त्यानंतर त्यांनी तो विभाग उघडलाच नाही.

सात आठवडे असे गेले. ताई रोज विचारी, हे रोज सांगत. एकदा ती म्हणाली, हल्ली सात नंबरला फार मागणी दिसते. दुसऱ्या दिवसापासून हे आकडे नीट वाटून सांगू लागले. पण तिचं विचारणं थोडं बदललं होतं. आकडा ऐकला की ती डोळे मिटायच्या ऐवजी त्यांच्या तोंडाकडे बघत राही. एकदा विचारलं, "छोट्या, आज बघितलंस ना तू?"

"बघितलं की."

"उद्या नीट बघ," ती म्हणाली.

तिला शंका आली असं धरून लिंकवाले आणखी काळजीपूर्वक खोटं बोलू लागले. चारआठ दिवसांनी ती पुन्हा तेच म्हणे, उद्या नीट बघ. ते हो म्हणत आणि पानं वाढायला उठत. एका गुरुवारी त्यांनी चार सांगितले. सात दोन, तीन एक, एकोणीस एक. ताई हसली, अर्ध्या तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास ते तिला धुतलेला सदरा घालत होते. डाव्या खांद्याची बटणं लावून झाली होती. उजवीकडची लावताना तिचं डोकं त्यांच्या हातावर आलं. दुसरा झटका होता. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अकरा वाजता नेहमीच्या वेळेला व्यायामवाल्या बाई आल्या, दारातच थांबल्या, आणि मग पायाशी बसून त्यांनी ताईचा निकामी उजवा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

पंधरा दिवसांनी लिंकवाले कामावर गेले. मॅडम स्वतः त्यांच्या टेबलापाशी आल्या, दोन शब्द बोलल्या. निघताना अवघडून म्हणाल्या, घाई नाही, पण जुन्या संग्रहात ज्यांच्यापुढे शून्य आहे अशा फाइलींची यादी हवी होती, त्या काढून टाकू. लिंकवाल्यांनी मान हलवली. मग, आता काय उरलंय अशा सुरात, त्यांनी सांगून टाकलं की त्यात माझ्या बहिणीचे बावीस नमुने निघतील, लिंक तुटली होती, तुमच्या सहीचं पत्र हवं होतं.

"अहो, मग सांगायचं नाही का?" मॅडम म्हणाल्या. "एक सही तर होती."

त्या गेल्यावर लिंकवाल्यांनी मन घट्ट केलं आणि जुना संग्रह उघडला. ताईची यादी वर आली. शून्य कुठेच नव्हतं. एकापुढे पाच, तिनापुढे सहा, सातापुढे एकवीस. एकूण एकशे सत्तावीस. आधी त्यांना वाटलं, आपण चुकीचा विभाग उघडला. मग वाटलं, कंपनीच्या माणसाने हाताने आकडे टाकले. त्यांनी तारीखवार तक्ता उघडला. ताईचे नमुने हलवल्यानंतरचा सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, एकदम चौदा. मंगळवारी, अकरा वाजून दहा मिनिटं, दोन. बुधवारी अकराच्याच सुमारास तीन. रविवारी काही नाही, सोमवारी पुन्हा. शेवटची नोंद गुरुवारची होती, ताई गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

बुधवारच्या तीनमध्ये पाच नंबर एकदा आणि बारा नंबर दोनदा होता. हे कुठेतरी वाचलेलं होतं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. मंगळवार संध्याकाळ: पाच एक, बारा दोन. वहीतलं एक पान आणि तक्त्यातली एक ओळ असं ते बोटाने मिळवत गेले. रोज संध्याकाळी त्यांनी जे खोटं सांगितलं होतं ते दुसऱ्या सकाळी अकरा वाजता तिथे खरं झालेलं होतं. वहीत पहिल्या आठवड्याची बेरीज चौदा होती.

त्यांनी व्यायामवाल्या बाईंना फोन लावला. त्या कुठल्यातरी पेशंटकडे होत्या, पण आवाज ओळखून बाहेर आल्या. दुसऱ्या एका पेशंटला नऊ नंबर पाठवायचा होता, त्या सांगू लागल्या, लिंक चालेना, म्हणून मी वेबसाइटवर शोधत बसले. अगदी तळाशी सापडले नमुने. सगळ्यांपुढे शून्य होतं. मी ताईंना दाखवलं, मला काय ठाऊक. त्यांनी एकेक शून्य नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, मंगळवारपासून छोट्याने सांगितलेले सगळे दाबा, मी सांगते कोणते.

"मंगळवार त्यांना कसा कळला?" लिंकवाल्यांनी विचारलं.

"म्हणाल्या, मंगळवारी तो हात धुवायला फार वेळ लावत होता."

इस्त्रीच्या खोलीतून वाफेचा आवाज येत होता, तो त्यांनी थांबेपर्यंत ऐकला.

"मी म्हटलं त्यांना, भावाशी बोला ना सरळ," बाई म्हणाल्या. "तर म्हणायच्या, त्याला खोटं बोलायची सवय नाही हो, तोंड दाखवायला जागा उरणार नाही त्याला. आपण आकडा खरा करून ठेवू, तो बघेल आणि आपणच येऊन बोलेल. रोज मला म्हणायच्या, आज बघेल. तुम्ही बघितलं होतं ना?"

त्यांनी नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मग फोन ठेवून ते दोऱ्यांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि रिळांच्या फळीला डोकं टेकून रडले. सात आठवडे ती रोज सकाळी त्यांच्यासाठी पान लिहून ठेवत होती आणि संध्याकाळी वाट बघत होती, आणि हे पान न उघडताच घरी जात होते. एकदा, एकदाच उघडलं असतं!

तोंड धुऊन ते टेबलापाशी आले. आता यादीचं काम होतं. नियमाने बघितलं तर हे एकशे सत्तावीस आकडे खोटे होते. आपणच आपली फाइल उघडलेली, त्यांनी पंधरा मिनिटं समजावलं होतं तेच. शून्यांच्या यादीत हे बावीस घालणं हेच त्यांच्या जन्माच्या सवयीला धरून झालं असतं. ते पडद्याकडे बघत बसले. मग मॅडमच्या सहीसाठीचं पत्र लिहिलं, आणि या खेपेला फाडलं नाही. सरळ नेऊन सही घेतली आणि कंपनीला पाठवून दिलं. यादीत ताईचा एकही नमुना घातला नाही.

वही अजून उघडी होती. वहीतली एकूण बेरीज एकशे एकतीस येत होती. चार कमी पडत होते, शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी सांगितलेले. त्यांची सकाळ झालीच नव्हती. लिंकवाल्यांनी चष्मा पुसला. सात नंबर उघडला आणि दाबला. पुन्हा दाबला. तीन नंबर एकदा. एकोणीस नंबर एकदा. पान ताजं केलं आणि आकडा वहीशी जुळला.

पाच वाजता त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत टाकला आणि निघाले. आज चार, सात दोन, तीन एक, एकोणीस एक, असं वाटभर मनाशी घोकत ते घरी आले, कुलूप काढलं, हात धुतले आणि प्रश्नाची वाट बघत नळापाशी उभे राहिले.